बोरघाटाची जुनी छायाचित्रे आजच्या दृश्याशी कशी जुळवावीत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. बोरघाटात रेल्वेमार्गाचे काम चालू असताना, म्हणजे १८६३ साली घाट वाहतुकीसाठी खुला होण्याच्या आगेमागे काढलेल्या सुमारे चाळीस छायाचित्रांचे स्कॅन आपल्याकडे आहेत. त्याच परिसरात आपण आणि आपल्या मित्रांनी गेल्या दोन वर्षांत काढलेली शेकडो छायाचित्रेही आहेत. ओपनसीव्ही या संगणकीय साधनसंचातली सिफ्ट ही बिंदू जुळवणारी पद्धत वापरून हे दोन संच जुळवून पाहिले, तेव्हा बहुतेक जोड्यांत काहीच जुळले नाही, आणि जिथे जुळले तिथे कातळाचा कोपरा भलत्याच झाडीशी जुळला. याहून चांगले मॉडेल कोणते, आणि जुळणी झाल्यावर झाडी किती टक्के वाढली किंवा घटली हे सांगता येईल का, असे आपण विचारले आहे.

मॉडेलांची नावे पुढे येतीलच. त्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्यावी, कारण या कामातल्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात. आपल्याला झाडीतला बदल मोजायचा असेल, तर जुळणीसाठी झाडीचा आधार घेता येत नाही. जुळणी कातळावर, कड्यावर, घळीच्या तोंडावर आणि डोंगरधारेवर करायची; झाडी, गवत, पाणी, सावल्या आणि घरे यांना त्या टप्प्यावर हात लावायचा नाही. हे ऐकायला सोपे वाटते, पण संगणकाला कातळ आणि झाडी यांतला फरक आपण सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि त्याला छायाचित्रात जिथे कोपरे व कडा सापडतात तिथे तो बिनदिक्कत बिंदू टाकतो.

या चुकीची किंमत मी स्वतः मोजलेली आहे. काही वर्षांपूर्वी सह्याद्रीतल्याच एका उताराच्या जोडीवर काम करताना मला तीनशेहून अधिक जुळलेले बिंदू मिळाले, उरलेली तफावत दोन पिक्सेलांच्या आत होती, आणि निष्कर्ष असा निघाला की जंगलाची खालची सीमा शंभर वर्षांत हललीच नाही. आनंदाने अहवाल लिहायला घेतला. मग सहज म्हणून बिंदू छायाचित्रावर रंगवून पाहिले, तर निम्म्याहून अधिक बिंदू नेमके जंगलाच्या त्या सीमेवरच बसलेले होते. जुन्या छायाचित्रातली झाडांची कड आणि नव्या छायाचित्रातली झाडांची कड यांनाच प्रणालीने एकच वस्तू मानले, त्याप्रमाणे नवे छायाचित्र ओढूनताणून बसवले, आणि साहजिकच सीमा हललेली दिसली नाही. कातळावरचे बिंदू हाताने देऊन पुन्हा मांडणी केली, तेव्हा सीमा बरीच खाली सरकलेली निघाली. सहा आठवड्यांचे काम टाकून द्यावे लागले. तेव्हापासून बिंदूंची संख्या पाहण्याआधी बिंदू कुठे बसले आहेत हे मी पाहतो.

आता सिफ्ट का फसते ते पाहू. डेव्हिड लो यांची ही पद्धत १९९९ साली मांडली गेली आणि २००४ साली सविस्तर प्रसिद्ध झाली. प्रत्येक बिंदूभोवती उजेड कोणत्या दिशेने किती बदलतो याची ती नोंद करते आणि दोन छायाचित्रांतल्या नोंदी ताडून पाहते. एकाच काळातल्या, एकाच तऱ्हेच्या कॅमेऱ्यांच्या छायाचित्रांवर ती आजही उत्तम चालते. आपली जुनी छायाचित्रे मात्र बहुधा ओल्या कोलोडियनच्या काचांवरची आहेत, आणि हे रसायन निळ्या आणि अतिनील प्रकाशालाच दाद देते. हिरवा, पिवळा आणि लाल रंग त्याच्या दृष्टीने जवळजवळ अंधारच असतो. बोरघाटाचा विचार केला तर याचा अर्थ फार मोठा आहे. फेब्रुवारीत उतारावरचे गवत वाळून सोनेरी होते आणि त्यातून काळा बेसाल्ट वर आलेला असतो. आजच्या छायाचित्रात गवत उजळ आणि कातळ काळा, अशी ठसठशीत कड दिसते. कोलोडियनवर पिवळे गवतही काळपट उमटते, त्यामुळे तीच कड पुसट होते किंवा नाहीशी होते. निळ्या प्रकाशात धुरकटपणाही जास्त जाणवतो, म्हणून लांबच्या डोंगररांगा जुन्या छायाचित्रांत आभाळात विरघळून गेल्यासारख्या दिसतात.

यावर एक अगदी साधा उपाय आहे, आणि तो करायला कोणतेही नवे मॉडेल लागत नाही. आजचे छायाचित्र राखाडी करताना तिन्ही रंगांची नेहमीची सरासरी घेऊ नये. फक्त निळी वाहिनी, म्हणजे निळ्या प्रकाशाची नोंद, घ्यावी. आपल्या कॅमेऱ्यातून रॉ फाइल घेतली असेल तर उत्तमच, कारण दाबून लहान केलेल्या फाइलमध्ये निळ्या वाहिनीचे सर्वांत जास्त नुकसान झालेले असते. त्यानंतर नव्या छायाचित्राचा आकार जुन्या स्कॅनमधल्या खऱ्या तपशिलाइतका खाली आणावा. जुन्या छपाईत पानांचा तपशील मुळातच नसतो, कारण काचेवर प्रकाश पडू द्यायला काही सेकंद लागत आणि तेवढ्यात वाऱ्याने फांद्या हलत. नव्या छायाचित्रातली प्रत्येक फांदी तशीच ठेवली, तर प्रणाली तिच्यासाठी जोडीदार शोधत बसते. एवढे दोन बदल करून आपल्या चाळीसपैकी दहा जोड्यांवर सिफ्ट पुन्हा चालवून पाहावी. काही जोड्या तेवढ्यानेच मार्गी लागतील.

पुढचा मुद्दा कॅमेरा कुठे उभा होता याचा. आपल्या पत्रात मला सर्वांत जास्त खटकले ते हेच की नवी छायाचित्रे "त्याच परिसरात" काढलेली आहेत. दोन छायाचित्रे एकाच बिंदूवरून काढलेली असतील, तर कॅमेरा थोडा वळलेला असला, भिंग वेगळे असले, तरी एक छायाचित्र गणिताने दुसऱ्यावर नेमके बसवता येते. या रूपांतराला होमोग्राफी म्हणतात. उभे राहण्याची जागाच बदलली असेल, तर डोंगराळ दृश्यासाठी अशी एकच होमोग्राफी अस्तित्वात नसते, आणि कोणतेही मॉडेल ती निर्माण करू शकत नाही. आकड्यांत सांगायचे तर, समजा आपल्या छायाचित्राचे नाभीय अंतर (फोकल लेंथ) ४,००० पिक्सेल आहे आणि आपण मूळ जागेपासून फक्त २ मीटर बाजूला उभे आहात. २० मीटरवरचा दगड तेवढ्याने ४०० पिक्सेल सरकतो, पण २ किलोमीटरवरची डोंगरधार अवघी ४ पिक्सेल सरकते. म्हणजे फक्त डोंगरधार जुळली म्हणून जागा सापडली असे समजणे ही फसगत आहे; डोंगरधार तर शंभर पावले इकडेतिकडे सरकल्यावरही जुळल्यासारखी वाटेल. जागा सांगतो तो पुढचा दगड, आणि त्याच्यामागे पार्श्वभूमीतले काय झाकले जाते ते.

म्हणून प्रत्यक्ष जागेवर काम करताना मी जवळची आणि लांबची खूण यांची जोडी धरतो. जुन्या छायाचित्रात पुलाच्या कठड्याचा कोपरा नागफणी या सुळक्याच्या डाव्या खांद्याच्या बरोबर खाली येत असेल, तर आज त्या कोपऱ्याकडे पाहत, तो पुन्हा तिथे येईपर्यंत डावीउजवीकडे सरकायचे. अशी दुसरी जोडी वेगळ्या दिशेला मिळाली की दोन रेषा जिथे छेदतात ती कॅमेऱ्याची जागा. उंचीसाठी तिसरी जोडी पाहायची, म्हणजे जवळच्या दगडाचा माथा मागच्या पठाराच्या कडेला किती झाकतो ते. एमआयटीमधल्या संशोधकांनी २०१० साली छायाचित्रकाराला "थोडे डावीकडे, थोडे मागे" असे जागेवरच सुचवत जाणारी प्रणाली करून दाखवली होती, आणि तिच्या मुळाशी हाच पॅरालॅक्सचा, म्हणजे जागा बदलली की जवळच्या वस्तू लांबच्यांपेक्षा जास्त सरकतात याचा, हिशेब आहे. फोनवर जुने छायाचित्र अर्धपारदर्शक करून कॅमेऱ्याच्या दृश्यावर ठेवणारे कोणतेही साधे ॲप घेतले तरी आपले काम बऱ्यापैकी होईल.

ओल्या कोलोडियनची एक अडचण इथे आपल्या उपयोगी पडते. १८५१ साली प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीत काच ओली असतानाच तिच्यावर छायाचित्र घेऊन ती लगेच धुवावी लागे, त्यामुळे छायाचित्रकाराला काळोखी राहुटी, रसायने आणि पाणी जवळच हवे असे. एवढा संसार घेऊन तो अरुंद सोंडेच्या टोकावर जाऊन बसलेला असण्याची शक्यता कमी. सपाटी, वाट आणि पाणी जिथे एकत्र येते अशा जागा आधी तपासाव्यात. घाटातल्या त्या काळच्या कामाची छायाचित्रे ॲलिस ट्रेडवेल यांच्या नावाने ओळखली जातात. त्यांचे पती सॉलोमन ट्रेडवेल हे या कामाचे कंत्राटदार १८५९ साली वारले आणि त्यानंतर काम ॲलिस यांनी पुढे चालू ठेवले. कामावरच्याच व्यक्तीने काढलेल्या छायाचित्रांचा कॅमेरा कामाच्या तात्पुरत्या रस्त्यालगत उभा असणे स्वाभाविक आहे, म्हणून जुन्या मार्गाचा नकाशा हाताशी ठेवावा. रिव्हर्सिंग स्टेशनचा, म्हणजे घाटात जिथे गाडी उलट दिशेने काढावी लागे त्या स्थानकाचा, मार्ग १९२९ साली बंद झाला आणि गाड्या नव्या मार्गाने जाऊ लागल्या, हे लक्षात न घेता आजच्या रुळांवरून जागा शोधणारे तिथे हमखास चुकतात. तसेच १८३० सालचा अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला गेला आहे. जुन्या छायाचित्रात तो दिसला, तरी आज तो खूण म्हणून वापरता येणार नाही. रेल्वेच्या हद्दीत परवानगीशिवाय आणि रुळांवरून चालत मात्र कोणीही जाऊ नये.

ज्यांची जागाच ठाऊक नाही अशा छायाचित्रांसाठी क्षितिजरेषेची पद्धत उपयोगी आहे. भूभागाच्या उंचीचे अंकीय प्रारूप घ्यायचे, संभाव्य ठिकाणांवरून आभाळ आणि डोंगर यांची सीमारेषा संगणकाने काढायची, आणि छायाचित्रातल्या सीमारेषेशी ती ताडायची. झुरिकमधल्या संशोधकांनी २०१२ साली स्वित्झर्लंडच्या सुमारे ४०,००० चौरस किलोमीटरच्या प्रदेशात दोनशेहून अधिक छायाचित्रांवर हे करून दाखवले. कोलोडियनवर आभाळ पांढरेफटक येत असल्याने ही रेषा जुन्या छायाचित्रात सहज वेगळी काढता येते, मात्र त्या काळी आभाळावरचे डाग लपवण्यासाठी निगेटिव्हवर शाई लावत आणि शाईच्या कुंचल्याने कधी कधी डोंगराची कडही थोडी छाटली जाई. भिंगाखाली धार अनैसर्गिक गुळगुळीत दिसली, तर तेवढा भाग वगळावा.

सह्याद्रीत या पद्धतीची खरी मर्यादा उंचीच्या प्रारूपाची आहे. मोफत मिळणारी प्रारूपे, मग ती अवकाशातून रडारने मोजलेली एसआरटीएमची असोत वा कार्टोसॅट या भारतीय उपग्रहांची, साधारण ३० मीटरच्या चौकटींची असतात. वर धरलेल्या ४,००० पिक्सेल नाभीय अंतराच्या छायाचित्रात २ किलोमीटरवरची अशी एक चौकट तब्बल ६० पिक्सेल व्यापते. आल्प्सच्या विस्तीर्ण शिखरांना हे चालून जाते. आपल्याकडे उभे तुटलेले कडे आणि अरुंद सुळके असतात, आणि नागफणीचे टोक अशा प्रारूपात बोथट होऊन बसते. त्यामुळे ज्या टोकाने आपण डोळ्यांनी जागा ओळखतो, तेच टोक संगणकाला दिसत नाही. अशा वेळी जवळच्या सुळक्याला कमी वजन द्यावे आणि राजमाचीचे श्रीवर्धन व मनरंजन हे दोन बालेकिल्ले, त्यांच्यामधली खिंड आणि त्यापलीकडची रांग यांच्यावर भर द्यावा. लांबच्या रांगांसाठी पृथ्वीचा गोलावा आणि प्रकाशाचे वक्रीभवन हिशेबात धरायला विसरू नये: २० किलोमीटरवरचा डोंगर त्यामुळे सुमारे २७ मीटर खाली दिसतो, म्हणजे याच छायाचित्रात पाचएक पिक्सेल.

जागा आणि दिशा ढोबळमानाने कळल्यावर शिकवलेल्या मॉडेलांकडे वळावे. बिंदू निवडून ते ताडणारी सुपरपॉइंट आणि सुपरग्लू ही जोडी, तिची वेगवान उत्तराधिकारी लाइटग्लू, आणि बिंदू आधी न निवडता संपूर्ण दृश्य ताडून पाहणारी लॉफ्टर, यांपैकी लॉफ्टर किंवा त्याच धर्तीचे नंतरचे मॉडेल मी आधी वापरेन, कारण गुळगुळीत कातळउतारांवर कोपरे सापडतच नाहीत आणि बिंदू निवडणाऱ्या पद्धती तिथे रित्या हाताने परततात. ही मॉडेले बरीचशी इंटरनेटवरच्या प्रसिद्ध वास्तूंच्या छायाचित्रांवर शिकलेली असतात. म्हणून पुलाच्या कमानी आणि बोगद्याची तोंडे ती झटकन जुळवतात आणि डोंगरउतारावर डळमळतात. याचा परिणाम असा की सगळे चांगले बिंदू बांधकामावर एका कोपऱ्यात गोळा होतात आणि उरलेले छायाचित्र वाऱ्यावर सोडले जाते. मी छायाचित्राचे सोळा समान भाग पाडतो आणि किमान आठ भागांत विश्वासार्ह बिंदू नसतील, तर ती जुळणी फेटाळतो, मग एकूण बिंदू कितीही असोत.

मॉडेल चालवण्याआधी दोन्ही छायाचित्रांवर झाडी, पाणी, रस्ते, घरे आणि गडद सावल्या झाकणारा मुखवटा तयार करावा. नव्या छायाचित्रासाठी आपोआप विभाग पाडणारी साधने आहेत. जुन्यासाठी मी अजून हातानेच रंगवतो, दर छायाचित्राला अर्धा तास जातो, आणि तो अर्धा तास मला कधीच वाया गेल्यासारखा वाटलेला नाही. छायाचित्राच्या कडेचा पुठ्ठा, शाईतली अक्षरे आणि काचेवरचे ओरखडेही झाकावेत.

चुकीचे बिंदू गाळण्यासाठी १९८१ सालापासून वापरात असलेली रॅन्सॅक पद्धत आपण लावलीच असेल; ती थोड्या बिंदूंचा संच पुन्हा पुन्हा अंदाधुंद उचलते आणि त्याच्याशी बाकीचे बिंदू किती जमतात ते पाहते. तिच्यात एक साधी चूक फार होते: आवर्तनांची संख्या पूर्वनियोजित ठेवली जाते. निम्मे बिंदू बरोबर असतील, तर चार बिंदूंचा बरोबर संच ९९ टक्के खात्रीने मिळायला ७२ आवर्तने पुरतात. आपल्यासारख्या जोडीत दहातला एकच बिंदू बरोबर असतो, आणि मग तेवढ्याच खात्रीसाठी सुमारे ४६,००० आवर्तने लागतात. "काहीच जुळले नाही" असे आपण ज्या जोड्यांबद्दल लिहिले आहे, त्यांतल्या काही जोड्यांत उत्तर होते आणि शोध लवकर थांबला, असा मला दाट संशय आहे.

कॅमेऱ्याची भूमिती सोडवताना आणखी एक गृहीतक तपासावे. आजच्या कॅमेऱ्यात भिंगाचा अक्ष छायाचित्राच्या मध्यातून जातो असे मानले तर चालते. जुन्या मोठ्या कॅमेऱ्यांत भिंग वर सरकवता येई, शिवाय छपाई अल्बममध्ये चिकटवताना कडा कापल्या जात, म्हणून मध्यबिंदू अज्ञात धरून तो सोडवावा लागतो. कागदी छपाई धुताना आणि वाळताना दोन्ही दिशांना सारखी आकसत नाही. काचेचा मूळ पट मिळाला तर स्कॅन त्याचाच घ्यावा.

टक्केवारीबद्दल आता. जगात या प्रकारचे सर्वांत मोठे काम कॅनडात झाले आहे. तिथल्या पर्वतप्रदेशाची मोजणी डोंगरमाथ्यांवरून काढलेल्या छायाचित्रांच्या आधारे होत असे, आणि व्हिक्टोरिया विद्यापीठाचा माउंटन लेगसी प्रकल्प त्या काचांवरची दृश्ये पुन्हा टिपतो. एम. पी. ब्रिजलँड यांनी १९१५ साली जॅस्परमध्ये काढलेल्या ७३५ छायाचित्रांपासून त्याची सुरुवात झाली, आणि तुलनेतून गवताळ जागा आक्रसून सूचिपर्णी जंगल दाट झाल्याचे दिसले. त्यांच्या बाजूने एक मोठी गोष्ट होती: मूळ छायाचित्रे नकाशासाठीच काढलेली असल्याने कॅमेऱ्यांच्या जागा नोंदलेल्या होत्या. आपल्याकडे तशा नोंदी नाहीत, म्हणून आपल्या आकड्यांना तितका भार देऊ नये.

शिवाय तिरप्या छायाचित्रातली पिक्सेलांची टक्केवारी म्हणजे जमिनीच्या क्षेत्राची टक्केवारी नव्हे. वरच्याच भिंगातून २०० मीटरवरचा एक पिक्सेल ५ सेंटिमीटर रुंद असतो आणि ४ किलोमीटरवरचा १ मीटर. क्षेत्रात हा फरक ४०० पटींचा झाला, आणि उताराचा तिरपेपणा त्यात अजून धरलेलाच नाही. पुढ्यातल्या दोन करवंदीच्या जाळ्या पलीकडच्या अख्ख्या रानाइतक्या भरतील. खरे क्षेत्र हवे असेल तर प्रत्येक पिक्सेलचा किरण उंचीच्या प्रारूपावर टाकून तो जमिनीला कुठे टेकतो हे काढावे लागते. या पद्धतीला मोनोप्लॉटिंग म्हणतात, आणि त्यासाठी स्वित्झर्लंडमधल्या डब्ल्यूएसएल या वन, हिम आणि भूदृश्य संशोधन संस्थेने खास साधन तयार केले आहे. दृष्टिरेषेला जवळजवळ समांतर असलेल्या पठारांवर ही पद्धतही कोलमडते. कॅमेऱ्याकडे तोंड करून असलेल्या उतारांचेच आकडे द्यावेत, आणि जे सोंडेमागे दडले आहे त्यासाठी "दिसत नाही" असा वेगळा वर्ग ठेवावा. तो वर्ग शून्यात मिसळला की सगळा हिशेब बिघडतो.

अचूकता सांगताना जुळणीला वापरलेल्याच बिंदूंवरची तफावत देऊ नये. कातळावरचे आठदहा बिंदू आधीच बाजूला काढून ठेवावेत, जुळणीच्या वेळी प्रणालीला ते दाखवू नयेत, आणि शेवटी त्यांच्यावर किती मीटरची चूक येते ते लिहावे. झाडीची सीमा १५ मीटर सरकली असे आपण म्हणत असाल आणि या राखीव बिंदूंवरची चूक २० मीटर असेल, तर त्या जोडीबद्दल सीमेविषयी काहीही लिहू नये.

चाळीसही छायाचित्रे एकदम हातात घेऊ नयेत. ज्यात पुढ्यात बांधकामाचा किंवा कातळाचा ठळक कोपरा आणि मागे नागफणी, असे एकच छायाचित्र निवडावे. सावल्यांची दिशा आणि लांबी पाहून मूळ छायाचित्र कोणत्या महिन्यात, किती वाजता काढले असावे याचा अंदाज बांधावा, आणि पाऊस संपून हवा निवळल्यावर त्याच सुमारास तिथे जाऊन, जवळच्या आणि लांबच्या खुणा जुळेपर्यंत सरकत, नवे छायाचित्र काढावे. जागा झाडीत बुडाली असेल आणि समोरचे काहीच दिसत नसेल, तर त्याच ठिकाणाहून पानांनी भरलेले ते छायाचित्रही काढून ठेवावे. १८६० च्या सुमारास तिथून नागफणी दिसत होती आणि आज दिसत नाही, ही आपल्या चाळीस छायाचित्रांतून मिळणारी कदाचित सर्वांत खात्रीची नोंद असेल.